टिटवीची हाक



ज्येष्ठ वद्यात पैठणहून श्रीएकनाथमहाराजांची पालखी पंढरीस निघते. त्या वाटेवरची एक लहानशी गोष्ट सांगतो. तिने माझेच कान उपटले, म्हणून सांगतो.

दिंडी एका उजाड माळावर मुक्कामाला उतरली होती. पाऊस लांबलेला, जमीन तापलेली, माणसे थकलेली. राहुट्या ठोकू लागलो तोच एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालीत ओरडू लागली. कोणी म्हणाले, "महाराज, हा अपशकुन. हुसकून लावा तिला." खोटे कशाला बोलू, मीही हातात ढेकूळ घेतले.

तेवढ्यात मेख ठोकणारे म्हातारबाबा ओरडले, "थांबा माउली, पाय हलवू नका!" पाहतो तो पावलापासून हातभर अंतरावर चार अंडी! काडी नाही, गवत नाही. खड्यांच्या उथळ खळग्यात मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची. दगडांत दगडासारखी. आणि टिटवी? पंख मोडल्याचे सोंग करून, तो जमिनीवर ओढीत लांब चालली होती. "मला धरा, पण तिकडे जाऊ नका," असेच जणू सांगत होती.

अहो, दिवसभर एकमेकांस 'माउली माउली' म्हणून पाया पडणारे आम्ही, आणि खरी माउली समोर आली तेव्हा माझ्या हातात ढेकूळ! अपशकुन तिचा नव्हता. तिच्या घरावर आम्ही चालून आलो होतो.

कोणी शंका काढील, "भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने कपोत हा आठवा गुरू केला. पिलांच्या मोहाने तो जाळ्यात सापडला. मग टिटवीच्या मोहाचे कौतुक कशाला?" शंका रास्त आहे. नाथांनी याच स्कंधावरची टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे इ.स. १५७३ साली, काशीस पूर्ण केली. पण बाबांनो, कपोताची कथा आपापल्या घरातला 'माझे माझे' ओळखण्यासाठी आहे. दुसऱ्याचे घरटे मोडण्याची ती परवानगी नव्हे. वैराग्य आपल्या सुखाचे करावे. दुसऱ्याच्या दुःखाविषयी बेफिकीर राहणे हे वैराग्य नाही.

ऊन फार झाले की टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा देते. हे ऐकून नाथांची कावड आठवत नाही काय? रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. देव तिथेच पावला, असे ते म्हणाले. नाथांनी जे जाणून केले, ते हे पाखरू जन्मतःच करते. आम्ही दोन्हींतून काही शिकलो नाही, तर नुसती पायपीट झाली.

त्या दिवशी ठोकलेल्या राहुट्या आम्ही उपटल्या. थकलेल्या आयाबायांनी कुरकुर न करता पुन्हा बोचकी उचलली. भजनही लांब बसून केले. दिवेलागणीला टिटवी परतली आणि अंड्यांवर बसली. त्या रात्रीच्या हरिपाठाला निराळीच गोडी आली.

तेव्हा वारकरी हो, मेख ठोकण्याआधी जमीन पाहा. अंडी दिसली तर हात लावू नका, जवळ चूल पेटवू नका, गर्दी करू नका. आई उठून गेली तर अंडी उन्हात भाजतात. दोन पावले बाजूला सरा. ती दोन पावलेही वारीतच धरली जातील.

रामकृष्ण हरी.