आप्तसंबंध आणि अनुसरण : कुळाच्या मेळाव्यास साधनवंताने जावे काय?

खानदेशात अलीकडे कुळाचे मेळावे भरविण्याची प्रथा चांगलीच रुजली आहे. जळगाव, धुळे, अमळनेर, भुसावळ येथील मंगल कार्यालयांत एका मूळपुरुषाची शेकडो माणसे एकत्र जमतात. नोकरी-धंद्यानिमित्त सुरत, नाशिक, पुणे, मुंबई येथे पांगलेली मुलेबाळे येतात, वंशावळीचा मोठा तक्ता भिंतीवर लावला जातो, वडीलधाऱ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. यात प्रापंचिकांच्या दृष्टीने वावगे काही नाही. उलट शेताच्या बांधावरून अबोला धरलेले दोन भाऊ अशा दिवशी एका पंगतीत बसले, असेही घडते. परंतु त्या तक्त्यावर एखादे नाव असे असते की त्याच्याखाली रेघ पुढे गेलेली नसते. तो पुरुष किंवा ती स्त्री तीस-चाळीस वर्षांपूर्वी घर सोडून परमार्गात अनुसरलेली असते. मग पुतणे-भाचे आश्रमात येतात, दंडवत घालतात आणि म्हणतात, "बाबा, एका दिवसाची तर गोष्ट. गाडी पाठवितो, संध्याकाळी परत आणून सोडतो. तुमच्यावाचून मेळाव्याला शोभा नाही."

हा प्रश्न नवदीक्षितांचा नाही. नवा साधनवंत आज्ञेत असतो. त्याचे उत्तर त्याचे गुरू देतात. प्रश्न आहे तो ज्येष्ठांचा. ज्यांनी गावोगाव अटन केले, निरूपणे केली, शेकडो वासनिकांना नामस्मरणाला लावले आणि आता साठी-सत्तरी ओलांडली, त्यांना नाही म्हणणारे आश्रमात कोणी उरलेले नसते. निर्णय त्यांचा त्यांनाच करावयाचा असतो, आणि म्हणूनच तो अवघड असतो.

जाण्याच्या बाजूने जी कारणे देतात त्यांतले पहिले असे की, इतकी वर्षे धर्मप्रसाराचे कष्ट केल्यावर थोडी विश्रांती घेण्यात काय बिघडले? या कारणाचा विचार मी थोडक्यात आटोपतो. अमेरिकेतील काही ख्रिस्ती संप्रदायांत संसारातून निवृत्त झालेली वृद्ध दाम्पत्ये ठरावीक महिन्यांसाठी धर्मप्रचाराला परमुलखात जातात आणि मुदत भरल्यावर नातवंडांत परततात. विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम खानदेशात आलेले मिशनरीही काही वर्षांच्या सेवेनंतर स्वदेशी रजेवर जात. त्यांच्या व्यवस्थेत ते प्रामाणिकच होय. कारण त्यांनी एक कार्य पत्करले होते, घर सोडले नव्हते. कार्याला रजा असते. अनुसरण हे कार्य नव्हे. निरूपणातून विश्रांती घेता येईल, अटन थांबवून एके ठिकाणी राहता येईल. परंतु 'आज मी अनुसरलेला नाही' असा दिवस साधनवंताच्या पंचांगात येत नाही.

आता आज्ञेकडे वळू. सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंनी आचारनिरूपणात देशसंबंध व ग्रामसंबंध टाकावयास सांगितले आणि आप्तांचा संबंध तर विशेषत्वाने टाकावयास सांगितला. हे 'विशेषत्वाने' का? देश बोलत नाही. गाव आपल्या पाठीमागे येत नाही; आपण त्याच्याकडे पाठ केली की ते तेथेच राहते. आप्त मात्र बोलतात, रडतात, आजारी पडतात, वाट पाहतात. शिवाय देशाच्या अभिमानाला अभिमान म्हणून ओळखता येते. आप्तांविषयीची ममता कर्तव्याचा, दयेचा, कधी धर्मप्रसाराचाही वेष घेऊन येते. शत्रू वेष पालटून येतो तेथे पहारा अधिक लागतो, एवढाच या शब्दाचा अर्थ मला दिसतो. आप्त वाईट असतात, असा अर्थ त्यात नाही.

आणि तसा अर्थ असता तर आपल्या मार्गाचा आरंभच समजणार नाही. श्रीनागदेवाचार्यांच्या माता आबाइसा आणि भगिनी उमाइसा या मार्गात होत्या. महदाइसा नात्याने त्यांची बहीणच लागत. म्हणजे आप्तसंबंध टाकण्याची आज्ञा ज्या मंडळीत पाळली गेली, त्या मंडळीत माता, पुत्र आणि भगिनी एकाच सन्निधानात वावरत होत्या. रक्ताचे नाते पुसले गेले नाही, पुसता येतही नाही. त्या नात्याचा हक्क तेवढा संपला. महदाइसेचे उदाहरण मला फार बोलके वाटते. ती बालविधवा. लग्नघर, त्यातील गाणी, त्यातील मानपान हे सारे लोकरूढीने तिला बंद झालेले. रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी तिनेच धवळे रचून म्हटले. धवळे म्हणजे लग्नातली गाणी. कुटुंबात जे गायिले जाते तेच गाणे तिने गायिले. पण ते कोणाच्या कुळासाठी नव्हते, ते परमेश्वरासाठी होते.

श्रीकृष्ण चक्रवर्तींच्या लीळेतही या प्रश्नाला स्पर्श करणारा प्रसंग आहे. भागवताच्या दशम स्कंधात सूर्यग्रहणाच्या निमित्ताने यादव कुरुक्षेत्री समंतपंचकास जातात. तेथे नंद, यशोदा, गोप-गोपी येतात, पांडव-कौरवही येतात. इतक्या वर्षांच्या वियोगानंतरची ही भेट. तिचे वर्णन वाचताना गळा दाटून येतो. त्यापूर्वी बलराम गोकुळात जाऊन दोन महिने राहिले होते. श्रीकृष्णांनी मात्र गोकुळी उद्धवाला पाठविले, स्वतः यशोदेला भेटले ते या तीर्थावर. परमेश्वराच्या लीळेचे अनुकरण जीवाने करावयाचे नसते, त्याची आज्ञा तेवढी पाळावयाची असते, हे मी विसरलेलो नाही. त्यांना ममतेचे बंधन नाही, आपल्याला आहे. तथापि भेट कोठे व्हावी याविषयीची एक सूचना त्यातून घेण्यास हरकत नसावी.

त्याच प्रसंगी कुंती आपला भाऊ वसुदेव याजकडे गाऱ्हाणे करते की, आम्ही संकटात असताना तुम्हाला आमची आठवण झाली नाही. वसुदेव उत्तर देतो, कंसाच्या छळाचे कारण सांगतो, दैवाचेही सांगतो. पण गाऱ्हाणे गाऱ्हाण्याच्या जागी राहतेच. आप्तांचे म्हणणे नेहमीच मोह असते, असे समजणाऱ्या आपल्यातील काही कठोर मंडळींनी हा संवाद पुन्हा वाचावा. बहिणीचे दुःख खोटे नव्हते.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी येथे कानबाईच्या रोटांविषयी थोडे सांगितले पाहिजे. नागपंचमीनंतरच्या रविवारी जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत कानबाई बसते. घरातील माणसांच्या मोजणीने मुठीमुठीने गहू घेऊन दळतात, त्याचे रोट करतात. रोट भाऊबंदकीतच खातात. बाहेरच्याला देत नाहीत. दूरदेशी गेलेला मुलगा त्या दिवशी गाठीभेटीला येतो. कुळाचा खरा, जुना मेळावा तो हाच. मंगल कार्यालयातील मेळावा ही त्याची नवी आवृत्ती होय. आपल्या मार्गात अनन्यभक्ती सांगितली असल्याने देवतेच्या या उत्सवाचा प्रश्न वेगळा आहे आणि वासनिकांच्या घरी त्यावरून होणारी कुचंबणा मी जाणतो. त्याविषयी पुढे कधी लिहीन. येथे मला दुसरेच दाखवावयाचे आहे. रोट हे असे अन्न आहे की ते खाण्याचा अधिकार जन्माने येतो. मी त्या घरात जन्मलो, माझ्या नावाची मूठ त्यात आहे, म्हणून ते माझे. भिक्षा नेमकी याच्या उलट. स्वामींनी चारही वर्णांच्या दारी भिक्षा सांगितली. भिक्षान्नावर अधिकार नसतो; ते मिळते ते भिक्षुकाचे कोठेही घर नाही म्हणून. झोळीत जे पडते त्यात कोणाच्याही नावाची मूठ नसते. एकाच तोंडाने ही दोन्ही अन्ने खाता येत नाहीत. मेळाव्यात देवतेचा संबंध मुळीच नसला, जेवण शुद्ध असले, सर्व मंडळी उपदेशी असली, तरी ज्येष्ठ साधनवंत तेथे 'आमच्या कुळातले बाबा' म्हणून जेव्हा खुर्चीवर बसतो, तेव्हा तो झोळी बाहेर ठेवून आत गेलेला असतो.

यावर चतुर उत्तर असे येते की, चारशे माणसे आयती जमली आहेत, निरूपण करता येईल, धर्मप्रसारच होईल. हे उत्तर पारखण्यासाठी धुळ्याच्याच एका घटनेचा उपयोग होतो. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भाव्यांनी 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पहिल्याच प्रवचनात विनोबांनी एका न्यायाधीशाचा दाखला दिला आहे. शेकडो अपराध्यांना फाशी देणाऱ्या न्यायाधीशापुढे एकदा त्याचाच मुलगा अपराधी म्हणून उभा राहिला, आणि त्याच दिवशी फाशीची शिक्षा अमानुष असल्याचे त्याला सुचले. त्याचे विचार कदाचित बरोबर असतील. पण ते विचारातून आलेले नव्हते. अर्जुनाचेही तसेच. तेव्हा निरूपणाच्या संधीसाठी मेळाव्यास निघालेल्या बाबांनी स्वतःस एवढेच विचारावे : शेजारच्या गावी दुसऱ्या आडनावाच्या कुळाचा असाच मेळावा गेल्या वर्षी झाला, तेथे चारशेच माणसे जमली होती, तेथून बोलावणे आले असते तर मी गाडीत बसलो असतो काय? उत्तर होय असेल तर अवश्य जावे. बहुतेकांचे उत्तर मला ठाऊक आहे.

ही कसोटी दोन्ही बाजूंनी चालते आणि म्हणूनच मला ती विश्वासार्ह वाटते. समजा, धुळ्याजवळच्या एखाद्या खेड्यात एक वृद्ध वासनिक बाई अंथरुणाला खिळली आहे. तिने निरोप पाठविला की, शेवटी कोणीतरी साधनवंताने येऊन नामस्मरण ऐकवावे. कोणताही बाबा उठेल आणि जाईल. आता ती बाई त्याची बहीण असेल तर? 'ती माझी बहीण आहे, म्हणून मी जाणार नाही' असे जो म्हणतो, त्याने बहिणीला परकीपेक्षाही कमी लेखले. आणि कमी लेखण्याचे कारण नातेच असल्यामुळे त्याच्या मनातून नाते काही गेले नाही. ममता उलटी वाहिली, एवढेच. येथे विशेषत्वाच्या आज्ञेचा भंग होतो काय? माझ्या मते होत नाही. परंतु विशेष सावधगिरी हवी. एकट्याने जाऊ नये, आश्रमातील दुसरा साधनवंत सोबत असावा. मुक्काम त्या घरी करू नये. वाटण्या, लग्ने, मुलांच्या नोकऱ्या यांविषयी बोलणे निघाले तर उठावे. मरणोत्तर विधी, दहावे-तेरावे यांत थांबू नये.

विनोबांचेच पाहा. 1916 साली त्यांनी घर सोडले. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत घरची माणसे आजारी पडली तेव्हा ते बडोद्यास गेले, शुश्रूषेत राहिले. आई वारली. अंत्यविधी भटजींच्या हातून व्हावयाचा असे ठरताच ते स्मशानात गेले नाहीत. त्यांचा मार्ग आपला नव्हे आणि त्यांची कारणेही आपली नव्हेत. पण जाणे कोठवर आणि थांबणे कोठे, हे त्या माणसाला ठाऊक होते.

पूर्वीच्या साधनवंतांचे रक्षण अंतराने केले. पंजाबात 'जयकृष्णी' म्हणून ओळखला जाणारा आपला मार्ग ज्यांनी त्या प्रांतात आणि पुढे पेशावराकडे नेला, त्यांना वऱ्हाड-खानदेशातील घरचा सांगावा पोहोचावयासच महिने लागत असतील. पोहोचेपर्यंत लग्न लागून गेलेले, मेलेला मरून गेलेला. आज जळगावाहून धुळे दोन-अडीच तासांचे आहे आणि मोबाईल तर आश्रमाच्या ओट्यावरच वाजतो. जे काम पूर्वी नद्या-डोंगर करीत, ते आता विवेकालाच करावे लागते.

ज्येष्ठांच्या जाण्याचा परिणाम त्यांच्यापुरताच राहत नाही, हेही ध्यानात घ्यावे. आश्रमात असे साधनवंत व तपस्विनी असतात की त्यांना कोणत्याही मेळाव्याचे आमंत्रण कधी येत नाही. कोणी पोरके आले, कोणाला घरच्यांनी टाकले, कोणाच्या नावाचा उच्चारही त्या घरात होत नाही. त्यांच्या देखत बाबांची गाडी येते, पुतण्ये हार घालतात, परतताना मिठाईचे खोके येते. आश्रमात सारे समान, असे आपण ज्यांना शिकवितो त्यांना त्या संध्याकाळी ते खोके उघडावयास सांगणे बरे नव्हे. पुढे त्याच पुतण्यांपैकी एखादा आश्रमाच्या जमिनीच्या, उत्तराधिकाराच्या गोष्टीत लक्ष घालू लागला म्हणजे मग कुजबुज सुरू होते. अशी कुजबुज कोठे झाली ते सांगण्याची गरज नाही. वाचकांपैकी अनेकांनी ती ऐकली आहे.

मग पुतण्यांना काय सांगावे? माझे सांगणे असे असते की, मेळावा तुम्ही आनंदाने करा आणि भेटावयाचे असेल तर स्थानावर या. भडगाव तालुक्यात कनाशीसारखे क्षेत्र आपल्या जिल्ह्यातच आहे. तेथे सर्वांनी यावे, स्थानाला नमस्कार करावा, निरूपण ऐकावे. तेथे इतर वासनिकही असतात. त्यांच्या ओळीत बसावे. त्या ओळीत पुतण्या आणि परका यांत भेद उरत नाही, आणि तरीही म्हाताऱ्या काकांचा चेहरा पाहावयास मिळतो. काही जण याने समाधान पावतात. काही पावत नाहीत.

समाधान न पावणाऱ्यांत एक वृद्ध स्त्री मला आठवते. धाकट्या भावाला तिने आईमागे वाढविले होते; तो अनुसरला तेव्हा निरोपही तिनेच दिला होता. ती म्हणाली, "मी त्याला घरी बोलावीत नाही. वर्षातून एकदा तो जेवला की नाही एवढे मला कोणी सांगावे." तिची मागणी मेळाव्याची नव्हती, हक्काचीही नव्हती. कसोटीत ती कोठे बसते हे मी पुष्कळ दिवस पाहत होतो. शेवटी आश्रमातील एका साधनवंताने दर कार्तिकात तिच्या गावावरून अटनाची वाट धरावी, असे ठरले. तो तिच्या दारी इतर दारांसारखीच भिक्षा मागतो, आणि ती विचारते तेव्हा सांगतो.