भाडं नेमकं कशाचं?

डोंबिवलीत किंवा पुण्याच्या पेठेत एखाद्या जुन्या इमारतीतला ओल आलेला वन बीएचके स्वस्तात घ्यायचा, काही लाख घालून राहण्याजोगा करायचा आणि भाड्याने द्यायचा, हा मध्यमवर्गाचा आता सरावाचा व्यवहार झाला आहे. त्यात पैसे सुटतात की नाही, हे सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. ते पैसे न्यायाचे आहेत का, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर दोन तयार उत्तरं मिळतात. एक म्हणतं, हे बसून खाणं आहे; दुसरं म्हणतं, पैसा घातला, मिस्त्रीमागे उन्हातान्हात उभं राहिलं, मग मोबदला नको का? मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. भाड्याचा नैतिक आधार नुसत्या मालकीत नाही आणि एकदाच केलेल्या दुरुस्तीतही नाही. घर रोज झिजतं आणि ती झीज कोण सोसतो, यावर तो उभा आहे. मालक सोसतो तोवर भाडं त्याच्या हक्काचं. त्याने ती भाडेकरूच्या अंगावर ढकलली की भाडं तेवढंच राहतं, हक्क मात्र उरत नाही.

व्याजाला पाप मानणाऱ्या धर्मांनी घरभाडं का चालवून घेतलं, हे पाहिलं की मुद्दा स्पष्ट होतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने युक्तिवाद केला तो असा: द्राक्षाची दारू वापरली की संपते, म्हणून तिची किंमत आणि तिच्या वापराची किंमत अशी दोनदा वसुली करता येत नाही, घर वापरूनही उरतं, म्हणून मालकी स्वतःकडे ठेवून वापराचे पैसे घेता येतात. इस्लामी धर्मशास्त्र रिबा, म्हणजे व्याज, निषिद्ध ठरवतं आणि इजारा, म्हणजे भाडेव्यवहार, मान्य करतं. कारण कर्ज देणाऱ्याची मुद्दल कर्जदाराच्या डोक्यावर असते, तर घर पडलं तर मालकाचं पडतं. हनफी पंथाच्या फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्र्यांनी, तर आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळचा प्रश्न सोडवला आहे. भाड्याने घेतलेलं घर कुणी जास्त भाड्याने दुसऱ्याला दिलं, तर वरचा पैसा त्याने दान करावा. मात्र त्याने घराला गिलावा केला, त्यात काही भर घातली, तर तो वाढावा त्याला खुशाल ठेवता येतो. यहुद्यांची मिश्नाही याच अंगाने जाते: दार, अडसर, कुलूप आणि कारागिराच्या हातचं जे जे काम, ते घरमालकाने पुरवायचं. पैसा मालकाकडे का जावा, याचं कारण या सगळ्यांनी वस्तूच्या स्थितीत आणि जोखमीत शोधलं. नुसता ‘माझं आहे’ एवढा दावा त्यांना पुरला नाही.

आता दुरुस्ती म्हणजे काय, ते जवळून पाहू. जुन्या स्लॅबमध्ये वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून पाणी झिरपतं, आतली सळई गंजते, गंजलेलं लोखंड फुगतं आणि खालचं काँक्रीट पोपड्यांनी सुटू लागतं. यावर दोन उपाय आहेत. खरा उपाय म्हणजे सैल काँक्रीट ठोकून काढायचं, सळई घासून तिला गंजरोधक लावायचं, गरज तिथे नवी सळई जोडायची, पुन्हा भरून घ्यायचं आणि त्याआधी वरच्या शेजाऱ्याशी भांडून का होईना, गळती थांबवायची. दुसरा उपाय म्हणजे त्याखाली पीओपीचं फॉल्स सीलिंग मारून चार एलईडी बसवायचे. दुसरा स्वस्त पडतो, लवकर होतो आणि ब्रोकर फोटो काढतो तेव्हा जास्त शोभून दिसतो. पहिल्याचा फोटोच निघत नाही. जैन तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे अतिचार मोजले आहेत, त्यांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ येतो, म्हणजे खऱ्याच्या जागी खऱ्यासारखं दिसणारं देणं. चोरीच्या यादीत तो ठेवणाऱ्याला बाजार चांगला कळत होता. गंजक्या सळईवरचं झगझगीत छत हे त्याचं चोख उदाहरण.

यावर कुणी म्हणेल, भाडं ठरतं ते स्टेशन किती मिनिटांवर आहे यावरून, छतावरून नाही. खरं आहे. ॲडम स्मिथनेच घरभाड्याचे दोन भाग पाडले होते: इमारतीचं भाडं आणि जमिनीचं भाडं. दुसऱ्या भागात मालकाचं कर्तृत्व काहीच नसतं. मेट्रो त्याने आणलेली नसते. त्यावर कर किती असावा, हा वाद सरकारशी घालावा. भाडेकरूशी असलेलं नातं पहिल्या भागाचं आहे.

खरा जोरदार आक्षेप मुंबईकडून येतो. १९४७च्या कायद्याने तिथली भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. घरमालकाला मिळणाऱ्या रकमेत रंगाचा डबा येईना, मग त्याने हात वर केले. इमारती खचल्या आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी वेगळं मंडळ आणि उपकर आणावा लागला. १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही गोठवणूक अवाजवी ठरवली आणि नव्या १९९९च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. म्हणजे नीतीचे धडे देऊन स्लॅब उभे राहत नाहीत, पुरेसं भाडं लागतंच. हे मी पूर्ण मान्य करतो आणि ते माझ्याच बाजूचं आहे: झीज सोसण्याचे पैसे मिळेनात, तेव्हा ती कुणीच सोसली नाही आणि शेवटी राहणाऱ्यांच्या डोक्यावर कोसळली. पण लिव्ह अँड लायसन्सवर तर भाडं दोघांच्या मर्जीने ठरतं, तरी ‘अकरा महिनेच आहेत ना, पुढचा बघेल’ म्हणत ओल तशीच ठेवली जाते. तिथे १९४७चं कारण चालत नाही. उलट बाजूने, दुरुस्तीचं निमित्त करून जुन्या भाडेकरूला कायमचं बाहेर काढणंही चालत नाही. दुरुस्तीसाठी जागा रिकामी करून घेतली तर काम झाल्यावर त्याला परत येऊ द्यावं लागतं, अशी तरतूद १९९९च्या कायद्यातच आहे. रिकामं पडकं घर वसवणं वेगळं आणि वसलेलं घर रिकामं करवून चकचकीत करणं वेगळं.

राहता राहिलं प्रमाण. झीज किती धरायची? प्राप्तिकर कायद्याने ते सोडवून ठेवलं आहे. महापालिकेचा कर वजा जाता भाड्याच्या उत्पन्नातून तो ३० टक्क्यांची सरसकट वजावट देतो आणि पावती मागत नाही. खर्च करा किंवा करू नका. बहुतेक मालक ही सवलत म्हणजे आपला नफाच समजतात. भाड्याने घर देणाऱ्या वाचकांना माझी एवढीच विनंती आहे की, ज्या वर्षी घरावर काही खर्च झाला नाही, त्या वर्षीचे हे ३० टक्के वेगळ्या खात्यात टाकावेत आणि भाडेकरूचा ‘काका, छत पुन्हा गळतंय’ असा फोन आला की त्यातूनच काढावेत.