चौदाच्या आत

आपलं शरीर किती साथ देतं हे दुसऱ्यानं ठरवायचं, आणि ते आपण मान्य करायचं. व्हीलचेअर बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय कोर्टवर याशिवाय प्रवेश नाही.

इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिलच्या सुरुवातीच्या स्पर्धांत ही तपासणी डॉक्टर करत, टेबलावर निजवून: मज्जारज्जूला इजा कुठे, कोणत्या स्नायूत किती जोर. जर्मनीतल्या कोलोनच्या होर्स्ट स्ट्रोहकेंडल यांनी आग्रह धरला की खेळाडूला खेळताना पाहा. १९८०च्या दशकात तो मान्य झाला. निजलेल्या माणसात काय उरलं नाही ते कळतं. काय उरलंय ते चेंडू हातात आल्यावरच दिसतं.

आता नजर असते धडावर. चेंडू घरंगळत येतो. एकजण वाकून दोन्ही हातांनी उचलतो. दुसऱ्याचा एक हात चाक सोडतच नाही. चेंडू मांडीवर आला की त्याच हातानं तो स्वतःला रेटून सरळ बसवतो. ते रेटणं क्षणभराचं असतं, पण तपासनीसाला तेच हवं असतं.

गुण एकपासून साडेचारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्यानं वाढणारे. शरीराची साथ जितकी कमी, तितका गुण कमी. नेमाला गुण नाही. उत्तम नेमबाज एकचाच राहतो, नवखा साडेचारचाच. घाम गाळून कमावलेलं मोजायचं नाही, एवढा विवेक तपासनीसाकडे हवा.

संघाच्या कोर्टवरच्या पाचजणांची बेरीज चौदाच्या वर जाता कामा नये. या आकड्याचं मला फार अप्रूप आहे. साडेचारचे पाच उतरवले तर साडेबावीस होतात. म्हणून एकचा, दीडचा खेळाडू संघाला लागतोच. दयेनं नव्हे, हिशेबानं. आणि तो नुसता बेरीज जुळवत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत खुर्ची घालून तो साथीदाराला बास्केटपर्यंत रस्ता काढून देतो.

पण खेळायला पात्र कोण, ही रेषा ओढली की कुणीतरी पलीकडे राहतो. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीच्या निकषांवर ब्रिटनचा जॉर्ज बेट्स अपात्र ठरला. लहानपणच्या दुखापतीनंतर त्याच्या पायात कायमच्या, असह्य वेदना आहेत. निकषांत पाय नसणं बसतं, वेदना बसत नाही. पाय कापून घ्यावा का, असा विचार मनात असल्याचं त्यानं जाहीरपणे सांगितलं. निकषांची ती यादी पुन्हा लिहायला याहून मोठं कारण कोणतं हवं?