पाहुणा आणि पाणवठा

तंजावरचे दुसरे सरफोजीराजे 1798 मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहान्वये राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. राजांकडे किल्ला, नेमणूक आणि अमाप सवड उरली. या सवडीचे त्यांनी काय केले, हे सरस्वती महाल ग्रंथालयाचा कोणताही अभ्यासक सांगेल. त्यांनी ग्रंथ जमवले, नेत्ररोगांवरील उपचारांच्या नोंदी ठेवविल्या, आणि चिताऱ्यांकडून पशुपक्ष्यांची चित्रे काढवून घेतली. सत्ता हातून गेलेल्या माणसाला पाहण्याचा छंद लागावा, यात एक अर्थ दडलेला आहे असे मला नेहमी वाटत आले आहे. ज्याच्यावर राज्य करता येत नाही ते निदान पाहता येते. पण पाहणे म्हणजे राज्य करणे नव्हे असे आपण जे गृहीत धरतो, ते कितपत खरे आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

त्या काळच्या शास्त्रीय पक्षिचित्रांची रीत अशी की पक्षी एकटा असतो, बहुधा बाजूने दिसतो, आणि त्याचे पीस न् पीस वेगळे काढता येते. असे चित्र काढायचे तर पक्षी तासन् तास समोर असला पाहिजे, आणि मोकळा पक्षी तसा थांबत नाही. म्हणजे तो पिंजऱ्यात तरी असणार किंवा मेलेला तरी. चित्रकाराच्या आधी तेथे पारधी येऊन गेलेला असतो. तमिळ कुरवंजी या नाट्यप्रकारात पक्षी धरणारा कुरव हे एक ठरलेले पात्र आहे. कोणता पक्षी कोठे उतरतो हे तो जाणतो आणि जाळे मांडतो. सरफोजीराजांनी हाच प्रकार उचलून मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ रचली आणि कुरवंजीच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. राजाला भूगोल शिकवण्यासाठी भटकी स्त्रीच सुचावी, हे उचित होते. रानाचे ज्ञान अशाच लोकांजवळ होते, आणि ते पोटासाठी मिळवलेले होते.

आपल्या परंपरेने याच्या अगदी विरुद्ध टोकाचा पाहणाराही कल्पिलेला आहे. मुंडकोपनिषदात एकाच वृक्षावर बसलेले दोन पक्षी येतात. त्यांतला एक फळ खातो आणि दुसरा न खाता केवळ पाहतो. या रूपकाचा आध्यात्मिक अर्थ सर्वपरिचित आहे. मला येथे एवढेच म्हणायचे आहे की, आधुनिक पक्षिनिरीक्षक स्वतःला नकळत हा दुसरा पक्षी समजू लागला आहे. त्याच्या हाती बंदूक नाही, दुर्बीण आहे. तो काही घेत नाही, नुसता पाहतो. सालिम अली यांनी बालपणी पिवळ्या कंठाची चिमणी मारली आणि ती ओळखून घेण्याच्या निमित्ताने ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारी पोहोचले, ही हकीकत त्यांनीच सांगितली आहे. पुढील सर्वेक्षणांतही नमुन्यासाठी पक्षी मारावे लागत. बंदुकीकडून दुर्बिणीकडे झालेला हा प्रवास नैतिक प्रगती आहे यात शंका नाही. शंका आहे ती, तेवढ्याने निरपराधित्व सिद्ध होते काय, याविषयी.

हा प्रश्न कोरड्या मुलखात जितका उघडा पडतो तितका हिरव्या मुलखात पडत नाही. कावेरीच्या पाटाशी बसलेल्या बगळ्याला तुम्ही उडवले तर तो दहा पावलांवर जाऊन बसतो. पाणी तेथेही आहेच. सोलापूर, इंदापूर, बारामतीच्या माळरानावर हे गणित बदलते. महाराष्ट्र शासनाने 2020 मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले, आणि आता पिठलेभाकरीबरोबर पक्षीही दाखवले जातात. शेताच्या कडेला एक उथळ खड्डा, त्यात टँकरचे पाणी, समोर पोत्यांचे किंवा गवताचे लपण. उन्हाळ्यात तेथे चंडोल येतात, तित्तिर येतात, आणि सकाळी ऊन तापू लागले की पखुर्ड्या येतात.

पखुर्डीविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. हा पक्षी कोरड्या बियांवर जगतो, म्हणून त्याला रोज पाणी लागते आणि त्यासाठी तो दूरवरून ठरलेल्या वेळी पाणवठ्यावर येतो. पिलांना अजून उडता येत नाही. तेव्हा नर पाण्यात बसून पोटाची पिसे भिजवतो आणि ते पाणी अंगावर वागवत पिलांपर्यंत नेतो. पिले त्या ओल्या पिसांतून पितात. आता लपणात बसलेल्या पाहुण्याने जरा अधिक पुढे यायचे ठरवले, आणि नर पिसे न भिजवता उडाला, तर तहान एकट्या त्याची राहत नाही. पाहुण्याला मात्र पक्षी ‘उडाला’ एवढेच दिसते. त्याच्या वहीत त्या पक्ष्यापुढे खूण झालेली असते. जे घडले त्याचा उरलेला भाग माळावर कोठेतरी, त्याच्या दृष्टीआड असतो.

माळटिटवी आणि धाविक यांचेही असेच. त्यांची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये खडे होऊन पडलेली. थंड प्रदेशात आई उठली तर अंडे गारठते. येथे चैत्रातल्या दुपारी ते भाजते. म्हणून उन्हात पक्षी अंड्यांवर सावली धरून उभा राहतो. छायाचित्रासाठी घेतलेली पंधरा मिनिटे त्या सावलीतून कापलेली असतात.

मग तो पाण्याचा खड्डा म्हणजे दान की आमिष? माझे मत असे की पाणी तेच असले तरी उत्तर खड्ड्यावर अवलंबून नाही. पाहुणे नसतानाही तो भरला जातो काय, आणि लपण त्यापासून किती अंतरावर आहे, या दोन गोष्टींवर ते ठरते. हंगामात भरायचे आणि पक्षी त्या जागेला सरावल्यावर कोरडे टाकायचे, ही पाणपोई नव्हे.

याहून अवघड गोष्ट आवाजाची. दाट झुडपातला तित्तिर बाहेर येत नसेल तर यंत्रातून त्याच्याच जातीची साद वाजवतात. नराला वाटते, प्रतिस्पर्धी आला. तो चरणे टाकून, आडोसा सोडून, भांडायला धावत येतो आणि छायाचित्र उत्तम मिळते. फासेपारध्यांची पद्धत याहून कोणत्या अर्थाने वेगळी होती? पाळलेला तित्तिर पिंजऱ्यात ठेवायचा, त्याने साद घालायची, आणि रानातला नर फासात यायचा. युक्ती तीच, फसवणूक तीच. इंग्रजी अमदानीत पारध्यांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. 1952 मध्ये कायद्याने तो पुसला, समाजाने अजून पुरता पुसलेला नाही. त्याच्या फासाला आपण क्रौर्य म्हणतो आणि पाहुण्याच्या यंत्राला छंद. पारध्याने तित्तिर खाल्ला, पाहुण्याने तो सोडला, हा फरक मोठा आहे आणि मी तो नाकारीत नाही. तरीही भुकेसाठी केलेली फसवणूक आणि करमणुकीसाठी केलेली फसवणूक यांत पहिलीला अधिक समर्थन आहे, हे म्हटल्यावाचून राहवत नाही. (मारुती चितमपल्ली यांच्या लेखनात पक्ष्यांची जी अस्सल मराठी नावे आली, त्यांचे ऋण रानातल्या माणसांकडेच जाते, हेही येथे आठवावे.)

कायदा या बाबतीत आपल्या सौंदर्यदृष्टीहून अधिक सावध निघाला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची व्याख्या करताना वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्याला उपद्रव देणे हेही शिकारच मानले आहे. म्हणजे घरट्यावरची फांदी बाजूला सारून चित्र घेणारा रसिक, व्याख्येप्रमाणे, शिकारी ठरू शकतो.

न पाहता राखणारे लोकही आहेत, आणि त्यांच्यासाठी पुन्हा तमिळ देशात जावे लागते. तंजावरहून दक्षिणेला पुदुकोट्टै ओलांडले की कालव्यांचा प्रदेश संपतो आणि पावसावर भरणाऱ्या तळ्यांचा सुरू होतो. त्या शिवगंगा जिल्ह्यात कोल्लुकुडिपट्टी नावाचे गाव आहे. शेजारच्या वेट्टंगुडीच्या तळ्यांवर पावसाळ्याच्या अखेरीस करकोचे आणि बगळे घरटी करतात, म्हणून या गावात कित्येक दशके दिवाळीला फटाके उडवीत नाहीत. तिकडे चेंगलपट्टूजवळच्या वेदांतंगळच्या शेतकऱ्यांनी, गोऱ्या शिपायांनी पक्षी मारल्यावर, कलेक्टर लायोनेल प्लेस यांच्याकडून पक्षिरक्षणाचा कौल मिळवला. सालही 1798, सरफोजीराजांच्या राज्यारोहणाचे. वेदांतंगळकरांचा हेतू निखळ सौंदर्याचा नव्हता. पक्ष्यांच्या विष्ठेने तळ्याचे पाणी खताचे होते आणि भात चांगला येतो, हे त्यांना ठाऊक होते. तेही खाणारेच पक्षी. पण जे खाल्ले त्याचा मोबदला चुकवणारे. कोल्लुकुडिपट्टीच्या पोराला फुलबाजी नाकारली जाते तेव्हा त्याला बदल्यात दुर्बीण मिळत नाही.

पाहुणा आणि यजमान यांच्या व्यवहारात नेमका हाच भाग सुटतो. पाहुणा पैसे मोजतो, म्हणून पक्षी दिसलाच पाहिजे असे त्याला वाटते. यजमानाला तो परत यायला हवा असतो, म्हणून तो नको तितका जवळ नेतो. उजनीच्या पाणलोटावर, भिगवण-कुंभारगाव भागात, मच्छीमारांच्या होड्या रोहित पक्ष्यांच्या थव्यांकडे जातात, तेथेही ओढ हीच. वल्हवणाऱ्याला अंतर कळते. पण अंतर राखण्याचे पैसे त्याला कोणी देत नाही, जवळ नेण्याचे देतात. अशा स्थितीत सगळा दोष त्याच्या माथी मारणे सोयीचे आहे आणि अन्याय्य आहे.

पखुर्ड्यांची पिले लहान असतात त्या दिवसांत जो शेतकरी सकाळचे लपण बंद ठेवतो, तो त्या सकाळीचे भाडे गमावतो. ते भाडे पाहुण्याने द्यावे, पक्षी न पाहता द्यावे, आणि ओसरीवर बसून चहा घ्यावा, असे मला वाटते. खड्डा त्या दिवशीही भरलेला असावा.