ऐकल्याची पावती

दिवाळीच्या चार दिवसांत आपल्याकडे घरोघर एक प्रश्न विचारला जातो, आणि त्याचे उत्तर बहुधा खोटे मिळते. प्रश्न असतो, 'चकली कशी झालीय?' आणि उत्तर असते, 'छान!' मोहन जास्त पडून चकली तेलात विरघळलेली असो, की कमी पडून ती दातांशी झुंज घेत असो, पाहुणा 'छान'च म्हणतो. विचारणारीलाही हे ठाऊक असते. यात कोणाचे फारसे बिघडत नाही, कारण चकली भाऊबीजेपर्यंत संपते आणि पुढच्या वर्षी नव्याने करता येते.

परंतु एखाद्याने वर्षानुवर्षे जिवापाड जपलेली कला आपल्यापुढे मांडली आणि 'कसे वाटले?' असे विचारले, तर तेथेही हे 'छान' इतकेच निरुपद्रवी राहते काय? हौसेने कला करणाऱ्याला आपण काय देणे लागतो: सत्य, की माया? हा प्रश्न माझ्या मनात आला तो पियानोमुळे.

मला पियानो वाजविता येत नाही. मी मॅट्रिक झालेली शाळेतली बाई. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. पण माझ्या परिचयाच्या एक सहशिक्षिका आहेत. मूळच्या गोव्याच्या, ख्रिस्ती घराण्यातल्या. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. त्या शिक्षणातून पुढे मुंबईच्या सिनेसंगीताला कितीतरी वादक मिळाले. या बाईंच्या घरात संगीत आले ते याच वाटेने. लहानपणी त्या पियानो शिकल्या, नोकरी-संसारात तो सुटला, आणि पन्नाशीला आल्यावर त्यांनी तो पुन्हा उघडला. पावसाळ्यात दमट हवेने त्याच्या पट्ट्या अडकतात, सूर बिघडतात. तरी रोज संध्याकाळी अर्धा तास त्या बसतात.

एका नाताळात त्यांनी आम्हां काही जणांना घरी बोलाविले. त्यांनी शूमानची 'ट्रॉयमेराय' ही रचना वाजविली. 'ट्रॉयमेराय' म्हणजे स्वप्नात हरवून जाणे. 1838 साली शूमानने बालपणावर तेरा लहान रचना लिहिल्या, त्यांतली ही सातवी. जेमतेम तीन मिनिटांची. तीत एकच स्वरओळ पुन्हापुन्हा वर चढते, आणि प्रत्येक वेळी तिच्याखालचे स्वर थोडे बदलतात. जणू एकच आठवण माणूस वयाच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवरून पाहतो आहे. वाजविणे संपले. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. "छान, फारच छान!" असे एक गृहस्थ म्हणाले. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, मघाशी केकलाही तुम्ही छानच म्हणालात."

सगळे हसले. पण पियानोचे झाकण लावताना त्यांचा चेहरा मला दिसला. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. दारात उभे राहून हाक मारावी आणि आतून कोणी ओ देऊ नये, तसे काहीतरी होते.

तेवढ्यात कोपऱ्यातले एक वृद्ध गृहस्थ बोलले. ते पूर्वी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवीत असत. ते म्हणाले, "बाय, शेवटाला जो सर्वांत वरचा सूर येतो ना, तिथं शूमाननं थांबायची खूण केलीय. तू तिथून लवकर उठलीस. घाई कसली होती?"

खोलीत क्षणभर अवघडलेली शांतता पसरली. पाहुण्याने चूक काढली! पण बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी झाकण पुन्हा उघडले, आणि त्या शेवटच्या चार ओळींवर दोघांची अर्धा तास चर्चा चालली.

स्तुतीने मिटलेला चेहरा दोष दाखविल्याने उघडावा, हे कसे? 'सत्य गोड असते' असे सोपे उत्तर मी देणार नाही. सत्य पुष्कळदा कडूच असते. त्या वृद्धाच्या बोलण्यात सत्याहूनही अगोदरची एक गोष्ट होती: त्याने ऐकले होते. 'छान' म्हणणाऱ्याला ते तीन मिनिटे न ऐकताही म्हणता आले असते. 'शेवटच्या वरच्या सुरावर' हे शब्द ऐकल्याशिवाय उच्चारताच येत नाहीत.

आपल्या मैफलीत ही अडचण कमी भासते. गवई समेवर येतो आणि त्याच क्षणी श्रोत्याच्या तोंडून 'वा!' निघते. शब्द एकच, पण तो कोणत्या जागेवर पडला, यावरून गवयाला सर्व काही कळते. चुकीच्या जागी दाद देणारा श्रोताही तिथल्या तिथे उघडा पडतो. पाश्चात्त्य संगीतात एके काळी असेच होते. 1778 साली पॅरिसमध्ये मोझार्टची एक सिंफनी झाली, तेव्हा पहिला भाग चालू असतानाच एका जागेवर श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ही जागा आवडणार हे त्याला आधीच माहीत होते, आणि तसे त्याने वडिलांना आनंदाने कळविले. पुढे तिकडची रीत बदलली. आता रचना संपेपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायचा. त्यामुळे पियानो वाजविणाऱ्याला मिळायची ती सारी दाद शेवटच्या एका शब्दात कोंबावी लागते, आणि तो शब्द बिचारा 'छान' असतो.

कोणी म्हणेल, हौसेने वाजविणाऱ्याला दाद हवीच कशाला? स्वान्तःसुखाय वाजवावे आणि झाकण लावावे. इंग्रजीत हौशी माणसाला 'अमॅच्युअर' म्हणतात, तो शब्दच मुळी लॅटिनमधल्या 'प्रेम करणे' या धातूपासून आला. प्रेम करणाऱ्याने शिफारसपत्र का मागावे?

याचे एक उत्तर बर्लिनच्या फॅनी मेंडेल्सनच्या आयुष्यात आहे. ती 1805 साली जन्मली. फेलिक्स मेंडेल्सन हा जगप्रसिद्ध संगीतकार तिचा धाकटा भाऊ. दोघांचे शिक्षण सारखेच झाले. पण ती चौदा वर्षांची असताना वडिलांनी तिला लिहिले की, संगीत हा फेलिक्सचा कदाचित व्यवसाय होईल, तुझ्यासाठी मात्र तो एक अलंकारच राहील. ती घरंदाज स्त्री. पैसे घेऊन वाजविणे तिला शोभणारे नव्हते. म्हणून जन्मभर ती हौशीच राहिली. 1831 पासून ती आपल्या घरी रविवारी मैफली भरवी. तेथे मोठमोठे लोक येत. टाळ्यांना तोटा नसणार. तरीही 1836 साली कुटुंबाचे स्नेही क्लिंगेमान यांना तिने एक पत्र लिहिले. त्यातला तिचा विचार असा: आपण केलेल्या कामावर कोणी कधी मतच दिले नाही, त्यात आस्थाच घेतली नाही, तर कालांतराने त्यातला आनंद तर जातोच, पण ते चांगले की वाईट हे जोखण्याची आपली स्वतःची शक्तीही जाते.

मी ही गोष्ट वाचली तेव्हा माझ्या उजव्या हातातली लाल शाईची पेन्सिल तशीच थांबली. आनंद जातो हे आपण समजू शकतो. पण पारखही जाते! माणूस स्वतःला ऐकू येईनासा होतो. पियानोच्या बाबतीत तर हे अगदी शब्दशः खरे आहे. दहा बोटे, दोन पाय आणि दोन ओळींत लिहिलेली स्वरलिपी यांत वाजविणाऱ्याचे चित्त इतके गुंतलेले असते की, आपण काय वाजवायचे ठरविले तेच त्याला ऐकू येते. प्रत्यक्षात काय वाजले ते ऐकायला दुसऱ्याचा कान लागतो. एकान्तात बिनचूक येणारी रचना समोर एक माणूस येऊन बसताच अडखळते, हा तर प्रत्येक हौशी वादकाचा अनुभव. ते अडखळणेही त्याला काही शिकविते. म्हणून तो ऐकवतो. ही कीर्तीची हाव नव्हे. आरशावाचून कुंकू नीट लावता येत नाही, एवढीच ती गरज आहे.

फॅनीने चाळिशीत, 1846 साली, आपल्या नावाने पहिले पुस्तक छापविले. फेलिक्सला बहिणीने रचना प्रसिद्ध करणे पसंत नव्हते. तरी तिने ठरविले आणि नंतर त्याला कळविले. पुढच्याच वर्षी, 14 मे 1847 रोजी, रविवारच्या मैफलीची तालीम चालू असताना तिला झटका आला आणि त्याच दिवशी ती गेली. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. ज्यांच्या मताला तिच्या लेखी किंमत होती, त्यांनी ते दहा वर्षे आधी मोकळेपणाने दिले असते, तर? अभिप्राय ही शिष्टाचाराची बाब आहे असे आपण समजतो; एखाद्याच्या आयुष्याची दहा वर्षे त्यात अडकलेली असू शकतात.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळू. 'छान' म्हणणाऱ्यांना हसणारा एक वर्ग आहे: स्पष्टवक्त्यांचा. "मला बाई खोटे बोलवत नाही," अशी त्यांची प्रस्तावना असते. अशा माणसाने त्या नाताळात काय म्हटले असते? 'रेकॉर्डवर ऐकले त्याच्या पासंगालाही हे पुरणार नाही.' विधान निखालस खरे. पण त्याचा उपयोग काय? त्या बाई कोणा नामांकित वादकाशी स्पर्धा करीत नव्हत्या, तिकिटे विकीत नव्हत्या. ज्यांना आपला क्रमांक हवा असतो त्यांच्यासाठी जागा आहेत. 1999 पासून अमेरिकेतल्या फोर्ट वर्थ शहरात पस्तिशी ओलांडलेल्या हौशी पियानोवादकांची स्पर्धा भरत आली आहे. डॉक्टर, वकील, इंजिनिअर तेथे स्वखुशीने परीक्षकांपुढे बसतात. मुंबईतली मुले लंडनच्या संगीत परीक्षांना बसतात, त्यांतल्या एका मंडळाच्या वादन परीक्षेत दीडशेपैकी शंभर गुण मिळाले की उत्तीर्ण. पण तेथेही परीक्षक नुसता आकडा देत नाही. प्रत्येक रचनेखाली दोन ओळी लिहितो. आईबाप आकडा वाचतात. शिकायचे असते ते त्या दोन ओळींतून. स्पष्टवक्ता नेमक्या त्या ओळी गाळून आकडा तेवढा सांगतो. न ऐकता स्तुती करणारा आणि न ऐकता निकाल देणारा, हे दोघे जुळे भाऊ आहेत. दोघांचेही लक्ष स्वतःकडेच असते. एकाला गोड दिसायचे असते, दुसऱ्याला शहाणे.

मात्र सारा भार ऐकणाऱ्यावर टाकणे न्यायाचे नाही. विचारणाऱ्यानेही प्रश्न नीट विचारावा. 'गार्डियन' या इंग्रजी दैनिकाचे तेव्हाचे संपादक अ‍ॅलन रसब्रिजर यांनी 2010 साली शोपाँची जी मायनरमधली पहिली बॅलड शिकायचे मनावर घेतले. ही रचना व्यावसायिकांनाही घाम फोडणारी. तिचा शेवट तर हातांची परीक्षाच पाहतो. त्याच काळात त्यांच्या वृत्तपत्रात विकिलीक्स आणि फोन हॅकिंग ही वादळे चालू होती. रोज मिळतील ती वीसेक मिनिटे काढून वर्षाहून अधिक काळ ते शिकत राहिले, आणि 2013 साली त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले. त्या काळात ते ब्रेंडेल, पेराया, बॅरनबॉइम यांच्यासारख्या थोर वादकांना भेटले, आणि त्यांच्याशी बोलले ते या रचनेविषयी. मला त्यात मोठे शहाणपण दिसते. 'मी कसा वाजवतो?' या प्रश्नाला माणसे बिचकतात, कारण उत्तर माणसावर जाऊन पडते. 'ही जागा कशी वाजवावी?' असे विचारले, की विचारणारा आणि सांगणारा एका बाजूला येतात आणि समोर उरते ती फक्त रचना. मग सत्य आणि माया यांचे भांडणच मिटते.

माझ्या वर्गातही मी हे पाहते. निबंधाखाली 'चांगला प्रयत्न' असे लिहिले, तर मूल वही मिटते. 'आजीचे हात तू छान लिहिलेस, पण तिचा आवाज कसा होता?' असे लिहिले, तर तेच मूल मधल्या सुट्टीत येऊन आजीचा आवाज काढून दाखविते.

1918 साली व्हिएन्नात संगीतकार शोनबर्ग याने एक मंडळ काढले. तेथे नव्या रचना सभासदांना ऐकवीत. नियम असा होता की, टाळ्या वाजवायच्या नाहीत आणि नापसंतीही दाखवायची नाही. वृत्तपत्रांच्या टीकाकारांना तर प्रवेशच नाही. मग श्रोत्यांनी करायचे काय? तर अवघड रचना पुन्हा ऐकायची. त्या तेथे मुद्दाम पुन्हापुन्हा वाजविल्या जात. हे मंडळ 1921 पर्यंत चालले. निकाल काढून टाकला तर ऐकणे उरते, असा त्याचा हिशेब असावा.

आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला हे व्हिएन्नाच्या नियमांवाचूनच कळले होते. पद आवडले की तो 'वन्स मोअर' म्हणे. उत्तम, मध्यम, कनिष्ठ अशी प्रतवारी त्यात नसे. मला हे पुन्हा ऐकायचे आहे, एवढेच असे. या दिवाळीत घरातले कोणी पेटीवर बसेल, कोणी कविता वाचील, एखादी नात शिकवणीत बसविलेली पियानोची धून लाजत वाजवून दाखवील. आपल्याला स्वरलिपी कळत नसेल, शूमानचे नावही ठाऊक नसेल. हरकत नाही. हातातली फराळाची बशी खाली ठेवावी, आणि संपल्यावर म्हणावे, "ती मधली, हळूच वर चढणारी ओळ होती ना, ती पुन्हा एकदा वाजव बघू."