वाचले ते उमगले काय?

मुलाला वाचता येते, असे आपण केव्हा म्हणावे? पुढील वाक्य पाहा : 'टमक्याने भुळकीत तिरपण ठेवले.' हे वाक्य आम्हीच रचले आहे व त्याला काहीही अर्थ नाही. तरीही तिसरीतल्या मुलाला विचारा, तिरपण कोणी ठेवले? टमक्याने. कोठे ठेवले? भुळकीत. तिन्ही-चारही प्रश्नांची उत्तरे बिनचूक येतील आणि गुण पैकीच्या पैकी पडतील. मराठीचे विभक्तिप्रत्यय इतके प्रामाणिक आहेत की, अर्थाचा पत्ता नसतानाही ते उत्तर हाती आणून देतात.

आता आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे उदाहरण घेऊ. सरोवर कशाने निर्माण झाले, असे विचारताच 'उल्कापाताने' हे उत्तर तयार असते. पुष्कळ काळ ते विवर ज्वालामुखीचे मानले जाई. 1973 साली संशोधकांनी आघाताचे पुरावे प्रसिद्ध केले. पण 'उल्कापात' हा शब्द त्या मुलापुरता 'भुळकी'हून निराळा आहे काय? ते कळण्यासाठी धड्यात नसलेले काही विचारावे लागेल. उदाहरणार्थ, विवराचा काठ भोवतालच्या जमिनीहून उंच का? समजा, एखादा वऱ्हाडी मुलगा म्हणाला, "चिखलात गोटा आपटला का काठ वर येते, तसं झालं असन." हे वाक्य पुस्तकात नाही, भाषाही पुस्तकाची नाही, आणि तरीही, खरे तर म्हणूनच, धडा त्याला कळला आहे! छापील उत्तराशी ताडून त्याला शून्य देणारा परीक्षक आमच्या मते अन्याय करतो.

'प्रथम' संस्थेचे 'असर' सर्वेक्षण 2005 पासून खेड्यांतील घरोघरी जाऊन मुलांकडून मोठ्याने वाचून घेते. 2022 साली ग्रामीण भारतातील पाचवीच्या शंभरांपैकी सुमारे 43 मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. ही मोजणी मोलाची आहे. परंतु उच्चार म्हणजे आकलन नव्हे. 2021 च्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचावेत, असे ठरविले. शब्द घड्याळ मोजील. अर्थ मात्र मुलाशेजारी बसल्याखेरीज सापडत नाही.

फिलिप असाच रथात चढून बसला होता. यशयाचे पुस्तक वाचणाऱ्या इथिओपियाच्या अधिकाऱ्याला त्याने, वाचतोस ते समजते काय, असे विचारले. त्या गृहस्थाने पाठ म्हणून दाखविला नाही; संदेष्टा हे स्वतःविषयी बोलतो की दुसऱ्या कोणाविषयी, असे उलट विचारले. न कळलेले नेमके कोठे आहे हे ज्याला दाखविता येते, त्याचे वाचन खरोखर सुरू झालेले असते. आपल्या परीक्षांत मुलाच्या प्रश्नाला गुण नाहीत, ही आमची तक्रार आहे.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या मुलाशी केलेल्या 'गुरू' या संवादात शब्दांना केवळ खुणा मानले आहे. ज्याला वस्तू ठाऊक नाही, त्याला खूण काय शिकविणार? शिक्षकाला मुलाच्या अंतरात डोकावता येत नाही. त्यालाही खुणांवरूनच अंदाज बांधावा लागतो. म्हणून एकाच उत्तरावर निवाडा देऊ नये.

आम्हांस खरी भीती आहे ती वेगळीच. न समजता बोलले तरी शाबासकी मिळते, हे मूल फार लवकर शिकते. मग धर्मशिक्षणाच्या वर्गातही ते तसेच बोलते, आणि आपण आईबाप व धर्मगुरू कौतुकाने माना डोलवतो.

वर्गात चाळीस मुले असताना हे जमायचे कसे, असे शिक्षक विचारतील. अडचण खरी आहे. पण धड्यामागे एक प्रश्न असा असावा की, ज्याचे उत्तर धड्यात नाही. आणि रोज दोन-तीनच मुलांना तो विचारून उत्तर येईपर्यंत थांबावे. घरी तर चाळीस मुले नसतात.