गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका व्याख्यानमालेत एका वक्त्यांनी सभागृह जिंकलं. सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२५ रोजी लेफ्टनंट सॅम्युअल कमलेसन यांची याचिका फेटाळली, त्याला फार दिवस झाले नव्हते. वक्ते म्हणाले, "ज्याला आपल्या जवानांच्या देवापुढे उभं राहता येत नाही, त्याने जवानांच्या पुढेही उभं राहू नये." टाळ्या पडल्या. मग ते म्हणाले, "आणि त्यांच्याच धर्माच्या पाद्र्याने सांगितलं होतं, आत गेल्याने काही बिघडत नाही. मग या गृहस्थांचं अडलं कुठे?" पुन्हा टाळ्या, पहिल्यापेक्षा जास्त.

मी घरी येऊन रागाच्या भरात चार पानं लिहिली: अधिकारी पूर्ण बरोबर, लष्कर पूर्ण चूक. ती पानं आज जशीच्या तशी छापायला देणार नाही. त्यातलं निम्मं मला आता पटत नाही. उरलेलं निम्मं मात्र अधिकच पटतं, आणि ते त्या दुसऱ्या टाळीबद्दल आहे.

आधी प्रकरण काय ते सांगतो. कमलेसन मार्च २०१७ मध्ये थर्ड कॅव्हलरी रेजिमेंटमध्ये दाखल झाले. त्यांच्या हाताखाली शीख जवानांची तुकडी होती. रेजिमेंटमध्ये मंदिर आणि गुरुद्वारा होता आणि दर आठवड्याला धार्मिक परेड होत असे. त्यांचं म्हणणं असं, की मी जवानांबरोबर जातो, बूट-पट्टा काढून आवारात उभा राहतो. फक्त गाभाऱ्यात जाऊन पूजेत भाग घ्यायला मला सांगू नका, माझा धर्म एकाच देवाची उपासना सांगतो. वरिष्ठांनी समजावलं, पाद्र्यांशीही गाठ घालून दिली. ते बधले नाहीत. ३ मार्च २०२१ रोजी त्यांना बडतर्फ करण्यात आलं. निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० मे २०२५ रोजी ही कारवाई योग्य ठरवली: वरिष्ठाच्या कायदेशीर हुकमापेक्षा स्वतःचा धर्म वर ठेवणं म्हणजे बेशिस्त. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

आता त्या पाद्र्याच्या मुद्द्याकडे येतो. त्याला माझ्यापेक्षा फार चांगलं उत्तर एका मराठी बाईने एकशे चाळीस वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे.

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. नवरा गेलेला, पदरात लहानगी मनोरमा, परका देश, आसरा मठाचा. अशा बाईने गप्प राहून आज्ञा पाळावी, असं मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना वाटलं असेल तर त्यात नवल नाही. रमाबाईंनी पाळली नाही. ख्रिस्त त्यांनी स्वीकारला होता, पण चर्चचं प्रत्येक तत्त्व डोळे मिटून मान्य करायला त्या तयार नव्हत्या. त्रैक्याबद्दल त्यांना शंका होत्या आणि त्या त्यांनी लपवल्या नाहीत. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, आमची संस्कृत काय वाईट आहे, इथपर्यंत त्यांनी वाद घातला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं, तेव्हा ते त्यांना अपमानाचं वाटलं. सिस्टर जेराल्डीन यांना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांतून पुन्हा पुन्हा येणारं म्हणणं थोडक्यात असं: भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचं घ्यायचं नाही. देवाने मला स्वतःची बुद्धी दिली आहे आणि चांगलं-वाईट ठरवण्याची जबाबदारी माझी आहे.

या एका भूमिकेपुढे "तुमच्याच पाद्र्याने सांगितलं" हा युक्तिवाद टिकत नाही. माझ्या श्रद्धेत काय बसतं हे पाद्री ठरवणार असेल, तर श्रद्धा माझी उरलीच कुठे? संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आधी येतं; धर्म प्रकट करणं, आचरणं, त्याचा प्रसार करणं हे त्याच्यानंतर. तो क्रम मला महत्त्वाचा वाटतो. विवेक चर्चला नसतो, मठाला नसतो. तो एकेका माणसाला असतो. शंभर पाद्र्यांना गाभाऱ्यात जायला हरकत नसेल आणि एकाच ख्रिस्ती माणसाचा पाय अडखळत असेल, तर संविधानाने ज्याला अभय दिलं आहे तो हाच माणूस. शंभरांना त्या अभयाची गरजच पडत नाही.

पण रमाबाईंची गोष्ट इथे सोडली तर मी अप्रामाणिक ठरेन, कारण तिचा पुढचा भाग माझ्या बाजूचा नाही. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. विधवा मुलींना शिक्षण मिळेल आणि कुणाच्या धर्मात ढवळाढवळ होणार नाही, असा शब्द होता. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यांना या म्हणून सांगितलं नाही, तसं जा म्हणूनही सांगणार नाही आणि प्रार्थनेसाठी दार लावून घेणार नाही, असं रमाबाईंचं म्हणणं. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

तरुणपणी हे वाचताना मला रानडे-भांडारकरांचा राग येई. आज येत नाही. ती दोघं संकुचित माणसं नव्हती. त्यांना दिसत होतं ते एवढंच: जिच्या आधाराने मुलगी जगते, तिच्या प्रार्थनेचं ओझं त्या मुलीवर पडतंच, जबरदस्ती कुणीही केलेली नसली तरी. रमाबाईंना दार उघडं ठेवण्याचा हक्क होता यात मला शंका नाही. पण ज्याच्या हातात दुसऱ्याचं अन्न, नोकरी किंवा जीव असतो, त्याच्या श्रद्धेचं वजन खालच्यांना जाणवतं. म्हणून त्याला तो हात हलका ठेवावा लागतो.

आणि हेच वजन लष्करात कुणाच्या हातात असतं? हुकूम देणाऱ्याच्या.

आमचं लासलगाव ज्या मुलखात आहे, तिथे देवळाच्या उंबऱ्यावर बोलताना जपून बोलावं लागतं. एका अंगाला नाशिक. तिथे २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी आणि हजारो माणसांनी तो वर्षानुवर्षं लढवला. दुसऱ्या अंगाला येवला. तिथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. पाच वर्षांच्या अंतराने एकाच जिल्ह्यात घडलेल्या या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट आहेत असं काहींना वाटतं: आधी आत जाण्यासाठी लढले, मग पाठ फिरवली. मला त्या एकच वाटतात. काळारामाच्या दाराशी प्रश्न होता तो माझ्या पायांवर हक्क कुणाचा हा. येवल्यालाही तोच होता. आत येऊ नकोस म्हणणारा आणि आत आलंच पाहिजेस म्हणणारा, दोघेही दुसऱ्याच्या पायांचे मालक होऊ पाहतात.

इथवर माझी ती चार पानं ठीक होती. मग मी ती एका माणसाला वाचून दाखवली.

जवळच्या गावात मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. मी गेलो तेव्हा ते चाळीतला उन्हाळ कांदा काढून निवडायला बसले होते. सडका एकीकडे, गोल्टी एकीकडे, चांगला माल तिसरीकडे. मी वाचत होतो आणि त्यांचे हात चालू होते. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "लिहिलंय चांगलं. पण सर, तुम्ही पलटणीत राहिलेले नाही. रात्री चढाईला निघायच्या आधी पोरं देवापुढे जातात. त्या वेळी साहेब बाहेर उभा दिसला, तर पोराच्या मनात येतं, उद्या गोळी आली तरी हा बाहेरच राहील का. हे शहाणपणाचं नाही, मान्य. पण मरायला निघालेल्या पोराकडे शहाणपण मागू नये."

मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री कॅप्टन नेइकेझाकुओ केंगुरूसे आठवले. कोहिमाकडचा नागा ख्रिस्ती तरुण. राजपुताना रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनबरोबर तो कारगिलला होता. त्या रेजिमेंटची युद्धघोषणा 'राजा रामचंद्र की जय'. द्रासच्या बर्फाळ कड्यावर बूट घसरू लागले तेव्हा त्याने ते काढून टाकले आणि अनवाणी चढला. २८ जून १९९९ रोजी तो धारातीर्थी पडला. मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. रामाचा जयघोष करणाऱ्या जवानांच्या पुढे एक ख्रिस्ती अधिकारी होता आणि कुणाचंही काही अडलं नाही. १९७१ मध्ये गंगासागरच्या लढाईत परमवीरचक्राचे मानकरी ठरलेले लान्सनायक अल्बर्ट एक्काही ख्रिस्तीच. तेव्हा लष्कर ख्रिस्त्यांना जागा देत नाही असं माझ्या पहिल्या पानांत जे सुचवलं होतं, ते मी खोडतो. लष्करात पंडित, ग्रंथी, मौलवी आहेत तसे पाद्रीही असतात. मुलकी जीवनात जे स्वातंत्र्य मला आहे ते सगळं जसंच्या तसं सैनिकाला असू शकत नाही. तेहतिसाव्या अनुच्छेदाने संसदेला त्यात काटछाट करण्याचा अधिकार मुद्दाम दिला आहे. हेही मान्य.

पण सुभेदारांचं बोलणं संपलं नव्हतं. मी उठताना विचारलं, तुमच्या पलटणीत ख्रिस्ती साहेब होता का? "होता की. केरळचा. आरतीला सगळ्यांत पुढे. पंडितजी टिळ्याचं ताट घेऊन यायचे तेव्हा साहेब नुसती मान लववायचा. पंडितजी पुढच्याकडे जायचे. सांगायला लागलं नाही कुणाला."

वक्त्यांनी हे ऐकायला हवं होतं. त्या पलटणीने साहेबाकडून सोबत घेतली आणि त्याची पूजा त्याच्यापाशी ठेवली. सोबत मागायचा हक्क पलटणीला आहे. मी आता म्हणतो, पुरता आहे. पूजा मागायचा हक्क कुणालाच नाही. सोबत कुठे संपते आणि पूजा कुठे सुरू होते, ती रेघ कुणी उंबऱ्यावर ओढेल, कुणी टिळ्यावर. तो पंडितजींचा आणि साहेबाचा समजूतदारपणा होता. तो आटला की त्याची जागा हुकूम घेतो, आणि हुकमाने केलेली पूजा देवालाही नको असते.

हा फरक आपल्या न्यायालयाला अनोळखी नाही. केरळातली तीन शाळकरी भावंडं, 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथातली, राष्ट्रगीताला आदराने उभी राहत पण गात नसत. शाळेने काढून टाकलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती ओ. चिनप्पा रेड्डी यांच्या लेखणीतून, त्यांना परत घ्यायला लावलं. उभं राहणं हा आदर झाला; गायलाच लावणं ही सक्ती झाली. शाळा म्हणजे पलटण नव्हे, हे खरं. पण त्याच वर्षी अमेरिकेत गोल्डमन नावाच्या हवाई दलातल्या ज्यू कॅप्टनची डोक्यावरची छोटी टोपी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शिस्तीच्या नावाखाली नाकारली, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा करून तशी टोपी घालायला मुभा दिली. न्यायालय लष्कराच्या शब्दाबाहेर जायला कचरलं, लोकप्रतिनिधी कचरले नाहीत. आपल्या तेहतिसाव्या अनुच्छेदात अधिकार संसदेला आहे. म्हणजे जबाबदारीही तिचीच. धार्मिक परेडमध्ये हजेरी कुठवर आणि पूजा कुठून, हे संसदेने दोन ओळींत सांगावं. कमलेसन यांना त्या तुकडीवरून दुसरीकडे हलवलं असतं तर मी आज लष्कराच्या बाजूने बोललो असतो. निवृत्तिवेतनाशिवाय घरी पाठवणं मात्र मला आजही अन्यायाचं वाटतं.

वक्त्यांचा आणखी एक समज होता, की रेजिमेंटची परेड ही 'परंपरा' आहे, धर्म नव्हे. बहुसंख्यांना स्वतःचा धर्म नेहमी परंपराच वाटतो. आमच्या बाजार समितीत वर्षानुवर्षं अमावस्येला कांद्याचे लिलाव बंद असत. त्यात धर्म आहे असं आम्हाला कुणाला वाटलं नाही. तो रिवाज होता. अलीकडे तो मोडला, कांदा अमावस्येलाही विकला गेला आणि आकाश कोसळलं नाही. आपला धर्म आपल्याला दिसत नाही, तो शेजारच्याला दिसतो. म्हणून शेजारी थबकला की आधी त्याला विचारावं, बाबा, तुला काय दिसलं?

मी हे विचारलं नव्हतं. म्हणून शेवटी हे सांगणं भाग आहे.

मी शाळेत नवा लागलो तेव्हा एक ख्रिस्ती शिक्षक तिथे होते. वयाने मोठे, मराठी शिकवायचे. रेव्हरंड टिळकांचे अभंग आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' मला त्यांच्यामुळे कळली. सरस्वतीपूजनाच्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी यायचे, झेंडूच्या माळा ओवायचे, पाटावर रांगोळीची जागा स्वच्छ करायचे, आणि आरती सुरू झाली की दाराशी जाऊन उभे राहायचे. एका वर्षी मी आरतीचं ताट घेऊन थेट त्यांच्यापाशी गेलो. "सर, विद्येची देवता आहे. तिला कसला आलाय धर्म?" सगळे बघत होते. त्यांनी ताट घेतलं. क्षणभर निरांजनाकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या शिपाईमामांच्या हातात ते दिलं. "मामा, तुम्ही करा."

मामा बावरले. वीसेक वर्षं ते त्या शाळेत पाणी भरत होते, घंटा देत होते. ताट त्यांच्या हातात कधीच कुणी दिलं नव्हतं. त्यांनी आरती केली. हात थरथरत होते, तरी ज्योत विझू दिली नाही.

सरांनी मला त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा माळा ओवल्या आणि दाराशी जाऊन उभे राहिले. त्या वर्षी मी ताट मामांकडे नेलं.